धूर न आलेली गोळी

अहिल्या देशमुख नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवायची. आता पन्नाशीला आली होती. अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करायची आणि महिन्यातून दोनदा एका क्लबात जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरने नेम धरायची. तिथे बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूऐवजी मिळणारी, तसाच धूर काढणारी पर्यायी पावडर वापरत. काडतुसं ती घरीच भरायची. आत पोकळी राहू द्यायची नाही आणि आधुनिक, कितीतरी जास्त जोराची बिनधुराची दारू त्या टेबलाजवळही आणायची नाही, हे तिचं ठरलेलं.

क्लबातला रवींद्र गोडबोल्या, सगळ्यांचा लाडका. त्याच्या गॅरेजमध्ये ती एकदाच गेली होती. पावडरच्या ट्रेशेजारी चिवड्याची वाटी. शिशाच्या गोळ्या हाताळलेली काळी बोटं वाटीत, मग तोंडात, आणि चाटून पुन्हा पावडरच्या मापावर. ट्रेमध्ये पडलेला पोहा त्याने फुंकर मारून उडवला. चहा न घेताच ती निघाली.

पुढच्याच शनिवारी नवशिक्यांचा वर्ग होता. त्यांच्यासाठी काडतुसं रवींद्रने हौसेने भरून आणली होती. आधी त्याने स्वतः बार काढून दाखवले. चार वेळा पांढरा धूर. पाचव्याला कानठळ्या बसवणारा आवाज झाला, रिव्हॉल्व्हर हातात उसळलं, आणि धूर जवळपास नाहीच.

"थांबा!" अहिल्या ओरडली. पुढचा नंबर आन्याचा होता, नुकतीच मास्टर्सला आलेली मुलगी. अहिल्येने काडतुसांचा डबा तिच्यापुढून ओढून घेतला.

"रवींद्र, काय भरलंयस यात?"

"अगं, पावडर संपत आली होती यार. शेवटच्या काहींत थोडी दुसरी मिक्स केली. नाइन एमएम पिस्तुलाची, बिनधुराची होती ना घरी."

"कोणत्या काडतुसांत?"

तो डब्याकडे बघत राहिला. सगळी एकत्रच ओतली होती. उडालेल्या काडतुसाचं पितळ फुगून आत अडकलं होतं, ते सळईने ठोकून काढावं लागलं. "फुटलं तर नाही ना?" म्हणून तो हसला. दोघंतिघं हसलेही.

रविवारभर अहिल्येने एकेक काडतूस हातोडीसारख्या हत्याराने आपटून उघडलं. सत्तावीस काडतुसांत काळपट दाण्यांबरोबर बिनधुराच्या दारूचे चकचकीत पापुद्रे निघाले. एकात तर नुसते पापुद्रेच, काठोकाठ. रिव्हॉल्व्हरच्या चिंधड्या झाल्या असत्या. आणि हा म्हणे, थोडी.

तिने क्लब चालवणाऱ्या देवदत्तला फोटो पाठवले. त्याने रवींद्रला दुसऱ्यांसाठी काडतुसं आणायला बंदी केली आणि तिला फोन केला. "आता जाऊ दे ना अहिल्या. मनाने चांगला आहे तो."

"आन्याचं तोंड त्या रिव्हॉल्व्हरपासून हातभर लांब असतं, देवदत्त. त्याचं मन घेऊन काय करू?"

तेवढ्यात क्लबच्या ग्रुपवर रवींद्रचा मेसेज आला: "ऑल सेफ! हॅपी संडे!" खाली अंगठ्यांची रांग लागली. अहिल्येला किळस आली, त्याची आणि त्या अंगठ्यांचीही. त्याच संध्याकाळी तिने मेंबरशिप कॅन्सल केली आणि आन्याला दुसऱ्या रेंजचा पत्ता पाठवला.