पंगतीतून उठताना

“थांबा! कुणीबी उठू नका! हात वाळले तरी चालतील, पण उठू नका!”

वालूरच्या एका लग्नात भर पंगतीत हा आवाज घुमला आणि शे-दोनशे माणसं बुडाखाली खिळे ठोकल्यासारखी जागच्या जागी बसली. कुणाला वाटलं नवरीचं गंठण हरवलं, कुणाला वाटलं वरणात पाल पडली. मुलाचा मामा तर असा पांढरा पडला की अंगातला नवाकोरा सदरा त्याच्यापुढं मळका दिसायला लागला. ओरडणारा माणूस पंगतीच्या टोकाला मोबाइल रोखून उभा होता, आणि त्याच्यासोबत आलेला मी एका खांबामागं लपायला जागा शोधत होतो. “आता एकेक जण उठा,” तो म्हणाला, “रोज उठता तसं. माझ्याकडं बघू नका.” बघू नका म्हटल्यावर कोण बघत नाही? चार जण लाजले, दोघं उठता उठता परत बसले, आणि एका म्हातारबांनी रागारागानं शेजाऱ्याच्या पत्रावळीतली जिलेबीसुद्धा खाऊन टाकली. मामा धावत आला. “ओ साहेब, तुमी कोन? मुलाकडचे का मुलीकडचे?”

मोबाइलवरची नजर न काढता तो म्हणाला, “गुडघ्याकडचा.”

हा माझा मित्र प्रल्हाद. परभणीत वसमत रोडला दोन खोल्यांचा त्याचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता आणि माणूस जमिनीवरून उठतो कसा, या एकाच गोष्टीचा त्यानं शेवटपर्यंत अभ्यास केला. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. त्या सकाळी त्याच्या मुलीचा, मुक्ताचा फोन आला. “काका, बाबा उठत नाहीत.” मी म्हणालो, “झोपू दे गं, रात्री कागद काळे करत बसला असंल.” ती पुन्हा तेच म्हणाली... तेव्हा कळलं. सकाळचा चहा पिऊन भिंतीला टेकून बसला होता म्हणे. कप खाली ठेवलेला होता, नीट, बशीसकट.

आम्ही दोघं पेडगावचे. लहानपणी तो इतका किडकिडीत होता की वारा सुटला की त्याची आई त्याला खांबाला धरून उभं राहायला सांगायची. हे मी सांगतो, ती नाही. तीच आई पुढं म्हातारपणी एकदा अंगणात पाय घसरून खाली बसली. पडली म्हणण्यासारखंही नव्हतं, खरचटलंसुद्धा नाही. पण घरात कुणी नव्हतं, आणि उन्हं कलेपर्यंत ती तिथंच बसून राहिली. प्रल्हाद गावी पोचला तेव्हा म्हणाली, “मला काय बी झालं न्हाई रे. उठता येईना, एवढंच.” ते ‘एवढंच’ त्याच्या डोक्यात जे शिरलं ते कायमचं. तोपर्यंत कंबर-मान-खांदे असला नेहमीचा धंदा करणारा हा माणूस पिसाळल्यासारखा जमिनीच्या मागं लागला. म्हणायचा, “नाम्या, सगळी पुस्तकं माणसाला खुर्चीवरून उठवतात. आपल्या माणसाची खुर्ची म्हंजी जमीन. तिथून उठवायचं कुणी शिकवीना.”

मग तो दिसेल तिथं माणसं न्याहाळायला लागला. लग्न, बारसं, भजन, मयत... आमंत्रण असो नसो. कोण आधी हात टेकतो, कोण गुडघ्यावर येतो, कोण शेजाऱ्याचं धोतर धरतो. परभणीच्या स्टँडवर नुसती पाठ बघून तो सांगायचा की या माणसाचा डावा गुडघा कुरकुरतोय, आणि यानं सकाळी बायकोशी भांडण केलंय. दुसरं मी घुसडलं, पण पहिलं शंभर टक्के खरं. सांध्यांची हालचाल मोबाइलमध्ये नीट दिसावी म्हणून खुब्यावर, गुडघ्यावर, घोट्यावर खुणा लागतात. त्यासाठी मोठ्या शहरात म्हणे महागड्या चकचकीत गोळ्या मिळतात. हा कासाराकडून मोठ्या लाल टिकल्यांची पाकिटं घेऊन आला. बायका हसत हसत लावून घ्यायच्या, पण पुरुष! एका मिशाळ पाटलांनी गुडघ्यावर टिकली लावायच्या आधी दार बंद करून घेतलं, खिडकी लावून घेतली, आणि जाताना टिकली गुडघ्यावर तशीच राहिली. घरी गेल्यावर काय महाभारत झालं ते मी वेगळं सांगत नाही. मला सांगायला लावलं तर दिवस मावळेल.

परदेशातल्या एका मासिकाला त्यानं आपला अभ्यास पाठवला. तिथून विचारणा आली, की ही माणसं जमिनीवर का बसतात, घरात सामान नाही का? प्रल्हाद आठवडाभर धुमसला. मग त्यानं उत्तरादाखल एका पंगतीचा फोटो पाठवून दिला. त्यांना काय समजलं कुणास ठाऊक, पण लेख छापून आला. तो अंक त्यानं मला दाखवला, मी उलटा धरला, त्यानं सरळ करून दिला. एवढाच काय तो आमचा सत्कारसमारंभ.

मग माझी पाळी आली. जिंतूर रोडला माझी मोटारसायकल पडली आणि मांडीचं हाड मोडलं. लोकांना मी सांगतो की रोही, म्हंजी नीलगाय, आडवा आला. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एक रोही होता, दिवाळीपर्यंत कळप झाला, आणि हल्ली कळपामागं बिबट्याही असतो. खरं काय ते फक्त प्रल्हादला ठाऊक होतं. कुत्र्याचं पिल्लू. आणि तेही झोपलेलं.

मांडीत सळई बसली, हाड जुळलं, मी काठी टेकत हिंडायलाही लागलो. पण मांडीचा स्नायू वाळलेल्या वांग्यासारखा आक्रसला होता. चारठाण्याला पुतण्याच्या लग्नात मला पंगतीच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, पुढं टेबल, शेजारी दोन म्हाताऱ्या आणि एक कानानं बहिरे गुरुजी. समोर खाली माझी सगळी मंडळी मांडीला मांडी लावून बसलेली. कुणीतरी काही बोललं, सगळी पंगत हसली, आणि मला ते ऐकूच आलं नाही. माझ्यासारख्या माणसाचं काय असतं हो? पोट कुठंही भरतं. पण थाप मारायला शेजारी मांडी लागते, कोपरानं ढोसायला माणूस लागतो. खुर्चीवरून मारलेली थाप भाषणासारखी वाटते. त्या दिवशी मी पोळीला हात लावला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच वसमत रोडला जाऊन ठाण मांडलं. “पल्ल्या, मला खाली बसव.”

“दुखतं किती? दहापैकी सांग.”

“चाळीस.”

“म्हंजी तीन,” तो म्हणाला आणि कामाला लागला.

त्यानं वाकळांचा ढीग रचला. इतका उंच की त्यावर बसल्यावर गंगाखेडच्या देवळाचा कळस दिसायचा. त्यावरून बसायचं-उठायचं, आणि जमायला लागलं की तो हळूच खालची एक वाकळ काढून घ्यायचा. मला वाटायचं भराभर उठून दाखवलं की झालं. तर म्हणे, “उठायचं मागून बघू. आधी बसायला शीक. धपकन कामून पडायलास? उतर. हळू उतर. उठवणारा स्नायू तोच, आणि उतरताना ब्रेक लावणाराबी तोच. ब्रेकच गेलाय तुझा.” मी म्हणालो, ब्रेक तोंडाचा पण गेलाय, त्याचं काय करतो? म्हणाला, “तो कंपनीतूनच आलेला न्हाई.” मुक्ता कोपऱ्यात टिकल्या घेऊन बसलेली असायची, ती हसून हसून लाल व्हायची.

ढीग उतरत गेला. शेवटी जमिनीवर एकच वाकळ राहिली, आणि माझी गाडी तिथं अडली. खाली बसायचो झकास, उठताना मात्र हात जमिनीला जायचाच. प्रल्हाद घाई करायचा नाही. म्हणायचा, “हात टेकून उठलास तरी बी पंगतीत बसता येतंय.” पण मी हट्टाला पेटलो होतो, लुळ्यासारखं फतकल मारून, हात टेकत, सगळ्यांच्या शेवटी उठायचं नव्हतं मला. तेव्हा तो म्हणाला, “मुक्ताच्या लग्नात तू माझ्या शेजारी बसायचं, नाम्या. आणि पंगत उठली की पंगतीबरोबर उठायचं. बिनहाताचं. लय दिवस हायेत अजून.”

लय दिवस नव्हते.

तेरवीला त्यांच्या अंगणात पंगत बसली. प्रल्हादच्या बायकोच्या, शोभावहिनींच्या भावानं माझ्यासाठी खुर्ची आणली. मी नको म्हटलं. हळूहळू, ब्रेक लावत, खाली उतरलो... शेजारची जागा जरा रिकामी ठेवावी असं वाटत होतं, पण पंगतीत असं चालत नाही. कुणीतरी येऊन बसलं. चांगला माणूस होता, सेलूचा कुणी पाहुणा. त्यानं पायाचं विचारलं, तर मी कळप सांगितला, बिबट्या सांगितला. बिबट्यानं माझ्याकडं बघून डोळा मारला असंही सांगून टाकलं. त्यानं मान डोलावली. पलीकडच्यानंही डोलावली. “बाप रे,” म्हणाले. पल्ल्या, तुला सांगतो, एवढी मोठी थाप आणि एकाही माणसानं म्हटलं नाही, ‘नाम्या, पिल्लू.’ ताटाकडं बघत मी बराच वेळ भात कालवत बसलो. मुक्ता ताक वाढत वाढत आमच्या रांगेत आली, पुढ्यात उकिडवी बसली, वाटी भरली.

आणि ती पुढ्यात असतानाच पंगत उठली. मला विचार करायला वेळच मिळाला नाही. सगळे उठले तसा मीही. डावा पाय आत, अंग पुढं, मांडीत एकदम कळ... आणि उभा! सगळ्यांच्या बरोबर, आधीही नाही, नंतरही नाही. दोन्ही तळवे बघितले. मातीचा कण नाही. मला ओरडावंसं वाटलं, पण तेरवीच्या अंगणात कोण ओरडतं? न्हाणीपाशी मुक्ता मोठ्या माणसांच्या हातावर पाणी घालत होती. मी हात पुढं केला आणि हळूच म्हणालो, “मुक्ते, बघितलंस का गं? जमिनीला हात न लावता उठलो. तुझा बाप पाहिजे होता आज.”

ती पाणी घालत राहिली. म्हणाली, “जमिनीला नाही लावला, काका. माझ्या खांद्याला लावला.”