सत्कार खोळंबवणारी कल्याणी

आदिमाये, जगदंबे, तुला नमन. नऊ दिवस तू महिषासुराशी झुंजत होतीस, आणि त्या नऊ दिवसांत कोणी तुझ्यापाशी येऊन म्हटले नाही, की बाई, जरा आवरते घ्या, पाहुणे खोळंबले आहेत, शाल-नारळ तयार आहे. तुझ्या काळी संयोजन समिती नव्हती, हे देवांचे भाग्य. आमच्या पुण्यात ती आहे. तुझ्या चरणी माथा ठेवून, आई, त्या समितीची आणि बिबवेवाडीच्या कल्याणीची कथा मांडायची आहे.

कल्याणीचे माहेर कात्रजचे, सासर बिबवेवाडीचे. दोन्हीकडे कधीकाळी शेते होती, आता इमारती आहेत. स्वारगेटजवळच्या एका क्लबात, ज्याने नाव घेण्याजोगे काही कमावलेले नाही, ती सकाळी मुलांना टेनिस शिकवी आणि मुले घरी गेली की स्वतः खेळे. वय बत्तीस. व्यावसायिक टेनिसच्या अगदी तळाच्या पायरीवर तिचे तारुण्य सरले होते. त्या स्पर्धांत प्रेक्षकांहून खुर्च्या अधिक असतात. तिथे मुख्य फेरीतला एक सामना जिंकला, की जागतिक क्रमवारीसाठी धरला जाणारा एक गुण मिळतो. एकच. तो तिला आजवर मिळालेला नव्हता. दुसरे काही तिने देवाकडे मागितलेही नव्हते.

तिच्या खेळाला क्लबात 'ढकलगाडी' म्हणत. जोरकस फटका तिच्यापाशी नव्हताच. चेंडू आला, की तो उंच, संथ, न चुकता पलीकडे जाई. पुन्हा आला, पुन्हा गेला. जप करणारा माळेतल्या मण्यावर चिडत नाही, तशी ती चेंडूवर चिडत नसे. क्लबातील जाणकार मंडळी, म्हणजे ज्यांचा खेळ कॉफीच्या कपापलीकडे जात नाही ती, तिला पाहून जांभया देत आणि पुढच्या कपात साखर ढवळत.

यंदा क्लबात महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. फलकावर क्लबातले एक नाव हवे म्हणून क्लबाच्या चिटणीससाहेबांनी कल्याणीला थेट मुख्य फेरीत घेतले. मुख्य मैदानावर सकाळी दहाचा सामना तिला दिला. हिशेब असा, की ही बाई तासाभरात हरेल, मैदान मोकळे होईल, आणि बारा वाजता तिथेच बांधकाम व्यावसायिक बजरंगशेठ यांच्या हस्ते उद्घाटन होईल: पगडी, शाल, भाषणे, आणि शेठजींच्या रॅकेटचा पहिला चेंडू. सकाळी सुरू झालेल्या स्पर्धेचे दुपारी उद्घाटन करण्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

सोडतीत समोर आली जिनत. भवानी पेठेतल्या लोखंडी सामानाच्या दुकानदाराची मुलगी, वीस वर्षांची. तिचा हात लहानपणी कल्याणीनेच वळवलेला. म्हणजे जे जाळ्याच्या या बाजूला, तेच त्या बाजूला. कधीच न चुकणाऱ्या दोघी एकमेकींसमोर उभ्या करून साहेबांनी बाराचा मुहूर्त धरला. साहेबांना टेनिसमधले सगळे कळते, खेळाडू तेवढ्या राहिल्या आहेत.

व्हायचे तेच झाले. चेंडू उंच जाई, उंच येई. पंचबाई मान वळवून वळवून थकल्या. बारा वाजले तेव्हा पहिला सेट कसाबसा संपला होता. तो कल्याणीचा. दुसरा भर दुपारी जिनतने घेतला. मांडवात बजरंगशेठ आधीच चढवलेल्या पगडीखाली घामाघूम होऊन बसले होते आणि दर पाच मिनिटांनी साहेबांकडे पाहत होते. आपली पगडी उतरवावी की साहेबांची, हा त्यांचा विचार चेहऱ्यावर वाचता येत होता.

तेव्हा साहेबांनी एक शक्कल काढली. सून आहे ना, मग सासूला धरावे. कल्याणीच्या सासूबाई तुळजाबाई डबा मांडीवर घेऊन प्रेक्षकांत बसल्या होत्या. साहेब वाकून गोड बोलले: घरची कामे पडली असतील, सुनेला हाक मारा, दमली बिचारी.

तुळजाबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले. "सून माझी हाय," त्या म्हणाल्या, "काम तुमचं अडलंय. मग हाक मी का मारू? बसा, भाकरी खाता का?"

भाकरी न खाता साहेब उठले. दुसऱ्या सेटनंतरच्या विश्रांतीत कल्याणी तोंडावर पाणी मारून परतत होती. तिला त्यांनी वाटेतच गाठले.

"पायात गोळा आला म्हणून सांग," ते म्हणाले. "सन्मानानं बाहेर ये. या वयात तो गुण घेऊन तू काय करणार आहेस? पोरीला मिळू दे. आणि हे बघ, सकाळच्या वर्गाचंही पुढच्या महिन्यापासून मला बघावं लागेल."

वर्गाच्या धमकीने ती हलली नाही. मात्र 'पोरीला मिळू दे' हे आत खोल गेले. जिनतपुढे दहा वर्षे होती, तिच्यापुढे कदाचित हीच दुपार. द्यावा का? क्षणभर तिचा हात सैल पडला. मग तिला आठवली आठ वर्षांची जिनत, मुद्दाम सोडलेला चेंडू ओळखून रॅकेट आपटणारी.

"मी एक चेंडू जरी सोडला तरी तिला कळेल, साहेब. वर्गाचं तुम्ही बघा. माझी सर्व्हिस आहे."

आणि मग, सज्जनहो, उद्घाटन झाले. वाहनतळात झाले, स्कूटरच्या रांगेसमोर. मैदानातल्या बाईला थांब म्हणून सांगून आलेले साहेब ध्वनिक्षेपकावरून गरजले, की आजची स्त्री आता थांबणार नाही. बजरंगशेठनी नारीशक्तीला वंदन केले. पंचबाईंनी आवाज कमी करण्याचा निरोप दोनदा पाठवला. नारीशक्तीवरील भाषण चालू असल्यामुळे तो दोन्ही वेळा परतवण्यात आला. टाळ्या वाहनचालकांनी वाजवल्या. दोघी मात्र खेळत राहिल्या. चेंडू उंच गेला, उंच आला.

उन्हे कलली तेव्हा तिसरा सेट बरोबरीत अडकला आणि निकालासाठी टायब्रेक लागला. कल्याणीला सामना जिंकायला एकच गुण उरला, सर्व्हिसही तिचीच, आणि तिच्या पोटरीत गोळा आला. खराखुरा. ती वाकली, पाय धरून तशीच राहिली. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. बऱ्याच तासांनी त्यांच्या मुद्रेवर प्रसन्नता आली. आता थांबली असती तर खोटेपणाचा डागही लागला नसता.

तिने श्वास घेतला आणि चेंडू खालून, आजीने नातीला द्यावा तसा, हलकेच पलीकडे टाकला. जाणकार फिदीफिदी हसले. हसून झाले, दमून झाले, तरी चेंडू जातच होता. एका पायावर लंगडत ती त्याला पलीकडे धाडत होती. अखेर जिनतचा एक चेंडू रेषेबाहेर वीतभर पडला. पंचबाईंचा घसा इतका बसला होता, की निकाल पहिल्या रांगेपलीकडे ऐकूही गेला नाही.

जिनत जाळ्याला वळसा घालून आली आणि खाली बसलेल्या कल्याणीची पोटरी मांडीवर घेऊन दाबू लागली. डोळ्यांतले पाणी तिने पुसले नाही. साहेब उरलेली शाल आणि छायाचित्रकार घेऊन धावत आले. आपल्या क्लबची कन्या, ते म्हणाले, उठून उभी राहा, मागचा फलक दिसला पाहिजे.

"बसूनच काढा," कल्याणी म्हणाली. "आणि हिलाही घ्या."

दुसऱ्या फेरीत लंगडत ती तासाभरात हरली. कार्यक्रम वेळेवर झाला म्हणून साहेबांनी समाधान व्यक्त केले. पुढच्या महिन्यात वर्ग गेला. मुले मात्र तिच्या मागे बिबवेवाडीच्या मोकळ्या मैदानावर आली, आणि आठवड्यातून दोनदा जिनतही येते. गुण एकच आहे. तो जाहीर झाला त्या दिवशी तुळजाबाईंनी घरी गोड केले, आणि एका गुणाला एवढे पुरे, म्हणून दुसऱ्यांदा वाढले नाही.

कल्याणी, बाई, तुझ्या पायांत बळ राहो. तुझ्या मनगटाला शीण न येवो. चिटणीससाहेबांनाही देव सद्बुद्धी देवो, सवडीने. जिनतच्या दारात यश चालत येवो. तुळजाबाईंना दीर्घायुष्य लाभो, तुझ्या घरात अन्नाला आणि हसण्याला तुटवडा न पडो, आणि त्या घरातल्या प्रत्येकाच्या माथ्यावर भगवंताचा हात अखंड राहो.