तिसऱ्या नकोनंतर

पुण्यात कुठे काय खावं हे मला विचारावं. गर्वानं नाही, अनुभवानं सांगते. बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याहून येऊन मला वीस-बावीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत माझ्या सांगण्यावरून जेवायला गेलेली माणसं उपाशी उठली असं फक्त एकदाच झालं. त्या एका वेळी एका सोयरिकीचा जीव टांगणीला लागला होता.

तशी माझी खोड जुनी. हॉटेलात शेजारच्या टेबलावरचे लोक मेनूकार्ड उलटंसुलटं करायला लागले की मला राहवत नाही. "पनीर नका मागवू, इथली शेवभाजी घ्या," मी मान वळवून सांगते. नवरा टेबलाखालून माझा पाय दाबतो. ते लोक आधी दचकतात, मग शेवभाजीच मागवतात, आणि जाताना मुद्दाम येऊन सांगून जातात की बरं झालं बोललात. ऑफिसात कोणाचा वाढदिवस असो की निरोपसमारंभ, हॉटेल मीच ठरवणार. आमच्या जिल्ह्यातल्या पुण्यात असणाऱ्या माणसांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, तिथं तर मी चौकशीची खिडकीच. मलकापूरहून पोराला क्लासला सोडायला आलेला बाप असो, नाहीतर खामगावहून मुलाखतीला आलेली पोरगी असो, पहिला प्रश्न मला येतो: ताई, जेवायचं कुठं?

आणि मी उगाच कुठलंही नाव सांगत नाही. दुपारी गल्ल्यावरचा मालक स्वतःच्या भटारखान्यातलं जेवतो का, ते आधी पाहते. त्याला घरून डबा येत असेल तर आपण चहा पिऊन उठावं. "आमच्याकडे सगळंच छान आहे" म्हणणाऱ्या वेटरचा तर मला रागच येतो. सगळंच छान कोणाच्या घरी असतं? ऑफिसातले म्हणतात, तुम्ही नागपूरच्या ना, म्हणून तुम्हाला झणझणीत लागतं. आता मोताळ्याहून पुणं जेवढं लांब, जवळजवळ तेवढंच नागपूर. पण हे समजावून सांगणं मी केव्हाच सोडून दिलं.

तर माझी भाची, भावाची मुलगी, नोकरीसाठी पुण्यात आली आणि माझ्याकडे राहू लागली. ऑफिसात तिला एक मुलगा आवडला. निघाला कुठला, तर धाडचा. मोताळ्याहून राजूरचा घाट चढला की बुलढाणा, आणि तिथून पुढं जीपमध्ये बसलं की धाड. भाऊ फोनवर हसला. "एवढ्यासाठी पुण्याले गेली होती काय? इथूनच बजारच्या दिवशी धाडले धाडली असती."

नातंगोतं सगळं जुळत होतं. मुलाचे आईवडील त्याच्याकडे पुण्यात येणार होते, तेव्हाच मुलगी पाहून घेऊ असं ठरलं. भावाच्या शेतात वांगी तोडणीला आलेली आणि कापूसही वेचायचा, त्यामुळं त्याला निघता येईना. "तू आहे ना तिथं," तो म्हणाला, "तूच पाह्य आता." भाची मात्र रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी म्हणाली, "आत्या, त्यांच्या घरात वडिलांचा शब्द शेवटचा. ते नाही म्हणाले तर तो त्यांच्या विरुद्ध जाणार नाही. आणि मला लग्न करायचं तर त्याच्याशीच करायचंय." मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, जेवण माझ्यावर सोड.

घरी बोलावता आलं असतं, पण आमच्याकडे तेव्हा रंगकाम सुरू होतं. ओट्यावर प्लॅस्टिक अंथरलेलं, गॅस गॅलरीत. म्हणजे हॉटेल आलंच. आमच्या मागच्या गल्लीत पिंपळगाव राजाच्या एका बाईंची खानावळ आहे. दोन बाकडी, एक पंखा, आणि जेवण असं की मी स्वतः दर आठवड्याला जाते. पण व्याही होऊ घातलेल्या माणसांना बाकड्यावर कसं बसवायचं? मी माझ्याकडचं सगळ्यात ठेवणीतलं हॉटेल काढलं. गार हवा, पांढरे नॅपकिन, गडबड नाही, गोंगाट नाही.

मी भाचीला घेऊन आधीच जाऊन बसले होते. मुलगा आईवडिलांना घेऊन आला. मुलाचे वडील उंच, शेतात राबलेले, डोक्यावर पांढरी टोपी. खुर्चीत पाठ न टेकता बसले. आई हळू बोलणारी, पदर सावरून बसलेली. मी विचारलं, "काय मागवू या?" वडील म्हणाले, "काही नको, प्रवासात खाणं झालं." मग मुलानंच कार्ड वाचून मागवलं. वेटर फार अदबशीर होता. "काका, आणखी रोटी आणू?" "नको." "ओके सर." गेला. "काकू, भात?" "नको, पोट भरलं." हसून मान लववली आणि गेला. मला त्या वेटरचं कौतुक वाटलं. उगाच गळ्यात पडत नाही, माणसाला त्याच्या मनानं जेवू देतो. बाहेर पडताना वडिलांनी हात जोडले आणि म्हणाले, "बरं झालं, ओळख झाली." मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, लग्न ठरल्यात जमा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन. त्याचा आवाज पडलेला. "काय करून ठेवलं बाई तू?"

धाडच्यांनी त्याला फोन केला होता. पोरगी चांगली आहे म्हणाले, पण आपलं जमणार नाही. भावानं खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलले, तुमच्या बहिणीनं आम्हाला उपाशी उठवलं. जिथं समोर बसलेल्या पाहुण्याची भूक कळत नाही, तिथं सोयरीक कशी करावी?

माझं डोकंच फिरलं. "उपाशी? मी त्यांना शहरातल्या चांगल्यातल्या चांगल्या हॉटेलात नेलं. टेबल भरून जेवण होतं. त्यांनीच नको म्हटलं, मी या कानांनी ऐकलं."

भाऊ म्हणाला, "किती वेळा म्हणले?"

"काय किती वेळा?"

"नको. किती वेळा म्हणले?"

"एकदा."

"अन् तू ऐकलं?"

मी खुर्चीत बसले. आमच्याकडे पाहुण्याचं पहिलं नको रीत म्हणून असतं. माणूस हावरट दिसू नये एवढ्यासाठी. दुसरं नको यजमानाची परीक्षा घेतं, की हा मनापासून वाढतोय की वरवर. तिसरं नको व्हायच्या आत ताटात वाढलेलं असलं पाहिजे, नाहीतर यजमानाची शोभा होते. मोताळ्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. कुठं गेलं होतं ते?

खरं सांगायचं तर मला माहीत आहे ते कुठं गेलं. लग्न होऊन पुण्यात आले त्याच वर्षीची गोष्ट. शेजारच्या काकूंकडे गेले होते. त्यांनी पोहे केले होते, सगळ्या जिन्यात वास सुटलेला. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. "पोहे घेणार का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नको." त्यांनी "बरं" म्हटलं आणि कढईवर झाकण ठेवलं. मी अर्धा तास त्या झाकणाकडे बघत गोष्टी करत बसले. बाई वाईट नव्हत्या, पुढं माझ्या बाळंतपणात त्यांनी खूप केलं. त्यांनी फक्त माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. त्या दिवशी मी खाली उतरून कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेले आणि एकटीनं दोन प्लेट पोहे खाल्ले. माझी हॉटेलांची सगळी विद्या तिथून सुरू झाली. हॉटेलात माणसाला सरळ 'आणा' म्हणता येतं. मग हळूहळू मीही तसंच बोलायला शिकले, हवं तर हो, नको तर नको. सुटसुटीत असतं, आणि खोटं कशाला बोलू, मला आवडतंही. पण ते शिकता शिकता दुसरं विसरले, हे काही माझ्या लक्षात आलं नाही. सगळ्या जगाला कुठं जेवावं ते सांगणार, आणि स्वतःच्या व्याह्यांना उपाशी उठवणार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

भाचीनं दारामागून सगळं ऐकलं होतं. ती रडत नव्हती, नुसती उभी होती, आणि तेच मला बघवेना. धाडची मंडळी त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परतणार होती. म्हणजे माझ्या हातात एक दुपार होती. भाचीला दुपारी मागच्या गल्लीतल्या खानावळीत यायला सांगून मी चप्पल घातली.

आधी खानावळीत गेले. "बाई, आज दुपारी माझे पाहुणे आहेत. वाढताना कोणाचं ऐकू नका."

"मी कवा ऐकते?" पिंपळगावच्या बाई परातीतून मान वर न करता म्हणाल्या.

मग मुलाच्या खोलीवर. वडील दारात आले, मला पाहून कपाळाला आठी पडली. मी म्हटलं, "चला, जेवायला चला." ते म्हणाले, "नको, आताच चहा झाला." मी म्हटलं, "चहा काय जेवण असतं का, चला." "नको, गाडीचं बघायचं आहे." मी म्हटलं, "गाडी संध्याकाळची आहे, रिक्षा खाली उभी आहे, आणि मी तुम्हाला घेतल्याशिवाय हलणार नाही." त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको आधीच पिशवी घेऊन उठली होती.

खानावळीत दुपारची गर्दी. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची सोय पुण्यात कुठली, पण बाईंनी गॅसवरच का होईना, करपेपर्यंत भाजली होती. भरीत, कळण्याची काळपट भाकर, ठेचा, कांद्याची पात. वडिलांनी ताटाकडे पाहिलं, ज्वारी-उडदाच्या त्या भाकरीचा तुकडा मोडला, आणि पाठ भिंतीला टेकवली. काल ती पाठ टेकलेली मी पाहिली नव्हती.

पण बाई भाकरी थापणार की वाढणार? तव्यापासून त्यांना हलता येईना. माझ्या मनात आलं, मीच उठावं. तेवढ्यात भाची उठली. भाकरीची टोपली घेऊन सरळ वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. फोनवरचं ऐकलं होतं तिनं, पण चार वर्षं पुण्यात राहिलेली पोरगी, आणि समोर होणारा सासरा. रीत ऐकणं वेगळं आणि मोठ्या माणसाचा शब्द मोडणं वेगळं.

"काका, भाकर."

"नको."

ती हलली नाही. "अर्धी तरी."

"नको, झालं माझं."

"झालं कसं? आत्ता कुठं बसलात."

"नको म्हणलं ना." आणि त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

शेजारच्या बाकड्यावरची पोरंही बघायला लागली. मुलगा घास हातात धरून बसलेला. भाचीनं टोपलीतून नुकतीच तव्यावरून उतरलेली गरम भाकर उचलली आणि त्यांच्या हातावरच ठेवली. "राहू द्या हात," ती म्हणाली. "चटका बसला की काढालच."

वडिलांनी त्या भाकरीकडे पाहिलं, मग पोरीकडे. चटका बसतच असणार, कारण हात सावकाश बाजूला झाला आणि भाकर ताटात पडली. त्यांनी ती मोडली, भरीत लावलं, खाल्लं. परत मोडली. आई पदराआड हसत होती. ताटातलं भरीत संपलं तशी त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "पोरी, भरीत आण अजून."

आमच्याकडे माणूस तोंडानं मागून खातो तो फक्त स्वतःच्या घरात. मी नवऱ्याला तिथूनच फोन लावला आणि सांगितलं, ठरलं. निघताना वडील मला म्हणाले, "हे हॉटेल काल काहून नाही सांगितलं तुम्ही?" मी काय सांगणार, बाकड्याची लाज वाटली म्हणून? "काल यांना सुट्टी होती," मी ठोकून दिलं. आता धाडकडचं कोणी पुण्यात आलं की मला विचारत नाही, व्याह्यांना विचारतं. ते सांगतात, त्या गल्लीत जा, तिथं तुमचं कोणी ऐकत नाही.

लग्न धाडला झालं. मांडव, उन्हं, वांग्याची भाजी, वरण, बुंदी. आम्ही मुलीकडचे पंगतीला बसलो आणि माझं खरंच पोट भरलं होतं. व्याही बुंदीची बादली घेऊन माझ्यासमोर आले. मी म्हटलं, "नको." ते उभेच. मी म्हटलं, "नको हो, खरंच नको, पुण्याच्या भाषेतलं नको." ते म्हणाले, "पुणं तिकडं." मी ताटावर हात धरला. त्यांनी ओंजळभर बुंदी माझ्या हातावर ठेवली, गरम, पाकानं चिकट. मला एकदम रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. इतक्या वर्षांत माझ्या माहेरच्या पंगतीबाहेर माझं नको कोणी खोटं धरलं नव्हतं. मी हात काढला आणि सगळी बुंदी संपवली.