शेडखाली काय होतं

चीनचा कायदा शिकायला मी तीन आठवडे चीनला जाऊन आले आहे, असं सांगितलं की आजही लोक आधी माझ्याकडे आणि मग नवऱ्याकडे बघतात. खरं आहे का हो, म्हणून.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि मी दुर्गला लॉच्या शेवटच्या वर्षाला. परदेशातल्या एका विद्यापीठाचा छोटा कोर्स निघाला होता, चीनमध्येच राहून तिथला कायदा शिकायचा. नोटीस बोर्डावरचा तो कागद माझ्याखेरीज कुणी वाचलाही नसेल. मला पहिल्यापासून नसत्या चौकशा. इतकी माणसं एका देशात राहतात, ती भांडत असणारच. मग त्यांचं मिटवतं कोण, हे मला बघायचं होतं. शिष्यवृत्ती मिळाली. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क. म्हणाले, "दुर्गच्या कोर्टात कोणता चिनी येऊन राहिला तुले वकीलपत्र द्यायले?" पण पासपोर्टचा फॉर्म तीनदा तपासला तो त्यांनीच.

फॉर्म आणि अर्ज यांवर बाबांची भारी श्रद्धा. प्लांटच्या क्वार्टरात सगळं अर्जावरच चालायचं. नळ गळला, अर्ज. दाराची कडी निघाली, अर्ज. आईशी अबोला झाला तर बाबा तिलाही अर्ज करतील, असं मी म्हणायचे आणि बोलणी खायचे.

त्यामुळे रुआबांधा सेक्टरातल्या आमच्या क्वार्टरालगत शेजारच्या काकांनी मागच्या अंगणात पत्र्याचं शेड टाकलं आणि पावसाचं पाणी भिंतीवरून धो धो आमच्या स्वयंपाकघराच्या दारात पडू लागलं, तेव्हा बाबांनी काकांना हाक मारलीच नाही. माझ्यासमोर कागद ठेवला. "लिही. इंग्लिशमदे, चांगलं कडक." लॉला नुकतीच गेले होते, अंगात माज होता. असं काही लिहिलं की पंधरा दिवसांत प्लांटची माणसं येऊन शेड पाडून गेली. खाली सही बाबांची. काकांनी काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं ते दोन वर्षं बंदच. आणि आता काका रिटायर झाले होते. मी चीनहून परतणार त्याच आठवड्यात ते क्वार्टर सोडून कायमचे अमरावतीकडे जाणार होते. मला त्याचं काही वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू?

चीनमध्ये दुसऱ्या आठवड्यात आम्हाला एका कारखान्याच्या वस्तीत नेलं. बसमधून उतरले आणि हसूच आलं. तीच एकसारखी दारं, तोच ड्यूटी सुटल्यावरचा सायकलींचा लोंढा. अगं बाई, हे तर आपलंच सेक्टर! तिथे शेजाऱ्यांचे तंटे मिटवणारी समिती होती. तिची प्रमुख म्हणजे कारखान्यातून रिटायर झालेली एक जाडजूड म्हातारी. मी प्रश्नांचा भडिमार केला. फाइली कुठे ठेवता? दुभाषी मुलीने तिचं उत्तर सांगितलं: कागद सगळ्यात शेवटी. आधी ती दोन्ही घरी जाऊन स्वयंपाकघरात बसते.

मग आमच्या प्राध्यापक बाईंनी प्रत्येकाला आपल्या गावचा एक तंटा सांगायला लावलं. मी ऐटीत शेडचा सांगितला. नियम, अर्ज, पंधरा दिवसांत कारवाई. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेडखाली काय होतं?"

मला माहीत नव्हतं. मधली भिंत डोक्याहून उंच, आणि डोकावून बघायचं मला कधी सुचलं नव्हतं. "पण ते बेकायदा होतं," मी म्हटलं. तिने मान डोलावली आणि पुन्हा तेच विचारलं. मी जाम चिडले. जगातल्या सगळ्या गोष्टींची चौकशी करणारी मी, आणि एवढं साधं विचारलं नव्हतं. उरलेले दिवस वर्गात करारांचा कायदा चालू असायचा आणि माझं डोकं रुआबांध्यात.

घरी पोचले तेव्हा शेजारी ट्रक लागला होता. बॅग टाकून तशीच तिकडे निघाले. "कावून जाऊन राहिली तिकडे?" आई मागून ओरडली. काकू पोत्यात भांडी भरत होत्या.

"काकू, त्या शेडखाली काय होतं हो?"

काकूंचे हात थांबले. "सासूबाईची खाट. गावावरून आणलं होतं त्याईले. दम्याचा तरास, बंद खोलीत जीव घाबरे. शेड गेलं, मंग म्हणल्या मले गावी पोचवून द्या. दोन महिनेबी नाही काढले तिथं."

मला रडू फुटलं. "काकू, तो अर्ज मी लिहिला होता."

"मालूम हाये. एवढं इंग्लिश आपल्या लाईनीत दुसऱ्या कोणाले येते?"

"मग तुम्ही बोलल्या कावून नाही?"

"तुमी लोक कावून नाही बोलले? एक आवाज दिला असता, तं यायनं पत्र्याचा उतार इकडे करून घेतला असता. पाणीच तं होतं."

मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "त्याईचा गावचा पत्ता घेऊन ठेव. मी चिठ्ठी लिहितो."

"चिठ्ठी कशाला बाबा? काका अजून भिंतीपलीकडेच उभे आहेत."

बाबा उठले ते अनवाणीच गेले.