आप्पा म्हणाला, ‘मारलं’

बेळगुंदीहून बेळगावच्या स्टेशनापर्यंत थोरल्या भावाने, आप्पाने, मला बैलगाडीतून आणून सोडलं. मी मुंबईला कायदा शिकायला निघालो होतो. रेल्वे हलताना तो खिडकीशी आला. “वकील होऊन लगोलग ये रं. कोर्टात आपलं बोलणं कुणाला कळंना झालंय.” मी “व्हय” म्हणालो.

वकील झालो, पण परतलो नाही. कॉलेजात फौजदारी आणि पुराव्याचा कायदा शिकवायची नोकरी लागली, गिरगावात बिऱ्हाड झालं आणि ‘प्रोफेसरसाहेब’ ही हाक गोड वाटू लागली. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून गेले, त्यांना ‘पुढच्या साली नक्की येतो’ हे उत्तर पाठच असेल.

त्यातच गावी बांधावरून भांडण पेटलं. शेजाऱ्याने आप्पावर कोयता उगारला, आप्पाने काठीचा तडाखा दिला आणि पुढे तो माणूस त्या दुखण्याने दगावला. मॅजिस्ट्रेटपुढे आप्पा सरळ बोलला, “व्हय, मी मारलं त्याला.” आमच्याकडे मारणं म्हणजे चोप देणं, आणि जीव घेणंही. कारकून कन्नड मुलखातला. त्याच्या भाषेत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द. त्याने इंग्रजीत ‘ठार केलं’ असं लिहिलं. आप्पाला अर्थ विचारावा हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी तेव्हा मुंबईत कबुलीजबाबावर व्याख्यानं देत होतो. मला कळेपर्यंत जन्मठेप झाली होती आणि अपिलातही काही निष्पन्न झालं नाही.

दुसरं महायुद्ध संपता संपता आप्पा सुटून आला, पार वाकलेला. मी गावी गेलो. जेवताना त्याने विचारलं, “पोरांना काय शिकिवतोस रं?”

खोटं बोलवेना. म्हटलं, दरवर्षी ‘मारलं’ हा शब्द फळ्यावर लिहितो आणि सांगतो, माणसाचं बोलणं त्याच्याच बोलीत समजून घ्या. त्या व्याख्यानाला दुसऱ्या वर्गातली मुलंही येऊन बसतात, हे मात्र मी गिळलं.

आप्पा हातातला घास तसाच धरून हसला. वहिनीला म्हणाला, “ऐकलंस न्हवं? माझ्या एका शब्दावर पोरं वकील व्हायल्यात.” त्याला खरंच अभिमान वाटला होता.

मी जन्मभर उलटतपासणी शिकवली. तू का आला नाहीस, एवढं मात्र आप्पाने मला कधी विचारलं नाही. घर म्हणजे आता माझ्यासाठी अशी जागा, जिथे कुणी मला जाब विचारत नाही. तिथे मला फार दिवस राहवत नाही.