भाऊजींचं निर्भेळ तेल

आमचे थोरले भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, नोकरीभर भेसळ पकडत फिरले. दुधात पाणी, मधात साखर, मिरपुडीत भुसा. नोकरी संपली, पण खिशातली काचेची नळी काही सुटली नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी तूप उजेडात धरून बघणार, मग यजमानांची तब्येत विचारणार. लेकीच्या सासरी त्यांनी मधाचा थेंब पाण्यात सोडून पाहिला, तेव्हापासून तिकडचं बोलावणं एकट्या जाऊबाईंनाच येतं.

निवृत्तीनंतर त्यांनी मोर्चा वळवला तो जाऊबाईंच्या माहेरच्या डाळिंबबागेकडे. बाग त्यांच्या वडिलांनी लावलेली. पानाफळांवर काळे तेलकट डाग पडू लागले होते. रोपवाटिकेतल्या तज्ज्ञ बाई बघून म्हणाल्या, "जंतूंचा रोग आहे. अजून वरच्या ओळींतच आहे, पण सगळीकडे पसरला तर बाग काढून टाकावी लागेल." जाऊबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

भाऊजी व्यवस्थित जेवले. ओव्याच्या तेलाने हे जंतू मरतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

"प्रयोगशाळेच्या बशीत मरतात खरे," बाई म्हणाल्या. "बागेत वापरायचं तर आधी रोगट फांद्या छाटा, चार झाडांवर करून बघा. आणि तेल पाण्यात एकजीव व्हावं म्हणून हे द्रावण घाला."

भाऊजींनी ती बाटली नाकाशी नेली. "साबणाचा भाऊच दिसतोय. शुद्ध तेलात हे मिसळू मी?"

"मिसळायलाच हवं."

"बाई, असं म्हणणाऱ्यांना मी दंड करत आलोय."

छाटणी राहिली, चार झाडांची गोष्टही राहिली. पाठीवर पंप घेऊन भाऊजींनी सबंध बाग फवारली, एका ओळीला एक भरलेला पंप. ओळीच्या टोकाशी पोटदुखीच्या औषधासारखा वास सुटला. मी म्हटलं, "भाऊजी, वास टोकालाच कसा येतोय?"

"वारा तिकडचा आहे. कॉलेजात काय शिकवलं तुला?"

आठवड्याभरात प्रत्येक ओळीतलं शेवटचं झाड जळक्या कागदासारखं झालं. बाकीच्या झाडांवर डाग खुशाल पुढे सरकत होते. भाऊजींचा निष्कर्ष तयार होता. "जंतू पळत पळत टोकाला गेले आणि तिथे मेले."

"झाडाला सोबत घेऊन?" जाऊबाईंनी विचारलं.

मग भाऊजींना तेलवाल्याचा संशय आला. टीपकागदावर थेंब, उन्हात नळी, सगळे सोपस्कार झाले. तेल शंभर नंबरी निघालं. इतका हिरमुसलेला माणूस मी शुद्ध मालासमोर कधी पाहिला नाही.

शेवटी जाऊबाईंनीच तज्ज्ञ बाईंना परत बोलावलं. बाईंनी पंपात तेल-पाणी कालवायला लावलं आणि म्हणाल्या, "साहेब, तुमची ती नळी द्या जरा." नळी भरली, घटकाभर धरली. तेल वर, पाणी खाली. "पंपाची नळी तळातून ओढते. ओळभर नुसतं पाणी गेलं आणि शेवटच्या झाडाला निव्वळ तेल. जळणार नाही तर काय?"

काचेची नळी त्यांचीच होती, त्यामुळे ती खोटी म्हणायची सोय नव्हती. तरी भाऊजी म्हणाले, "पण मिसळलं की ते शुद्ध कसं राहील?"

जाऊबाई इतकी वर्षं 'अहो'च्या पुढे फारसं काही बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी द्रावणाची बाटली नवऱ्याच्या हातात ठेवली. "अहो, शुद्ध तेल ठेवा कपाटात. मला माझ्या वडलांची झाडं हवीत. मिसळा."

फांद्या जाऊबाईंनी स्वतः उभं राहून छाटून घेतल्या. चार झाडांवर आधी फवारलं, पानं शाबूत राहिली, मग बाकीच्यांवर. डाग मधल्या ओळींशी थबकले. टोकाची झाडं गेली, बाग राहिली. श्रेय तेलाचं की कात्रीचं, विचारल्यावर बाई म्हणाल्या, "कात्रीचं थोडं जास्तच."

भाऊजी आल्यागेल्याला अजून सांगतात, शुद्ध तेलाने बाग वाचवली. जाऊबाई तेव्हा चहा आणायला उठतात.

त्या दुसऱ्या फवारणीच्या सकाळी मात्र मी भाऊजींना विहिरीमागे गाठलं. बादलीवर वाकून ते द्रावण ओतत होते, आणि ओतण्याआधी त्यांनी दोन्ही बाजूंना बघून घेतलं. दुधात पाणी घालताना दूधवाले कसे बघायचे, त्याची नक्कल ते आम्हाला जेवताना करून दाखवायचे. हुबेहूब तसंच.