काचेमागचे ट्रॅक्टर

बदलीच्या नोकरीत सामान वाढवू नये म्हणतात. किस्से मात्र वाढतच जातात, आणि त्यांना ट्रकही लागत नाही. माझे कोलकात्यातले बहुतेक किस्से एकाच हॉलमधले आहेत. बालीगंजला आमच्या बँकेच्या क्वार्टर्समध्ये वरच्या मजल्यावर वझे साहेब राहायचे, ऑफिसात माझे वरिष्ठ. त्यांना एकच नाद, खेळण्यातले ट्रॅक्टर जमवायचा. पत्र्याचे, लाकडी, नांगरवाले, ट्रॉलीवाले. आणि नियमही एकच: बघायचं, हात लावायचा नाही!

* * *

पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेले, तर लोक जिथे कपबश्यांचे सेट मांडतात त्या काचेच्या कपाटात ट्रॅक्टर ओळीने उभे. चहा आला स्टीलच्या पेल्यांतून.

"चांगले कप आहेत हो," काकू म्हणाल्या, "पलंगाखाली. सहा बदल्या झाल्या, अजून खोक्यातून बाहेर आलेले नाहीत."

"कप फुटतात," साहेब शांतपणे म्हणाले.

ते आत गेल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी रिटायर होतील. पुण्याच्या दोन खोल्यांत हे कपाट मावायचं नाही. अमेयने न्यावेत एवढी एकच इच्छा आहे त्यांची. पण मुलाकडे तोंड उघडून मागणार नाहीत."

अमेय त्यांचा एकुलता एक मुलगा, बेंगळुरूला आयटीत.

* * *

गणपतीत आमची मराठी मंडळी साहेबांकडे जमली. कुणीतरी मुलांसाठी रिमोटची महागडी गाडी आणली होती. ती सोफ्याखाली पडून राहिली आणि सगळी पोरं काचेला नाक लावून उभी!

मी विचारलं, "साहेब, एवढं काय असतं हो ट्रॅक्टरमध्ये?"

"मोटारीत सगळं झाकलेलं. ट्रॅक्टरचं इंजिन दिसतं, चाकं दिसतात, चालवणारा दिसतो. पोरांना लपवाछपवी आवडत नाही."

माझी इरा पाच वर्षांची. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी बोलते ती बंगाली चालीवर. ती म्हणाली, "मागची मोठी चाकं आई-बाबा. पुढची दोन बाळं."

साहेब दोन दिवस ऑफिसात सगळ्यांना ते ऐकवत होते.

* * *

गणपतीच्या त्याच संध्याकाळी फोर्ट विल्यमहून एक मराठी मेजर आले होते, सोबत सात वर्षांचा मुलगा आणि मुलाच्या हातात खेळण्यातला रणगाडा. त्याने अर्धा तास कपाटाचं निरीक्षण केलं. मग रणगाडा काचेबाहेर उलटा ठेवला आणि साहेबांसमोर ताठ उभा राहिला.

"काका, आमचा टँक चिखलात अडकलाय. तुमचा एक ट्रॅक्टर पाठवा."

आता साहेब काय करतात?

"आमचे ट्रॅक्टर रजेवर आहेत," साहेब म्हणाले.

मुलगा वडिलांकडे वळला. "बाबा, सगळ्यांना एकदम रजा देतात का?"

मेजरसाहेबांनी पुरणपोळी आणखी एक मागून घेतली.

* * *

एकदा एका ट्रॅक्टरचा पुढचा आस मोडला. साहेबांनी तो जेवणाच्या डब्यात ठेवला, आणि आम्ही दोघं लाँचने हावड्याला गेलो. मलाही त्या बाजूला काम होतं. लेथवाल्या मिस्त्रीने माप घेऊन बघता बघता नवा आस करून दिला. मग ट्रॅक्टर जमिनीवर ठेवून बोटाने ढकलला. समोरचा कारागीर मशीन बंद करून खाली बसला आणि त्याने परत ढकलला. मग तिसरा आला. साहेब उघडा डबा हातात धरून उभे.

मिस्त्री हसून म्हणाला, "दादा, ना चालाले बुझबो की कोरे?"

न चालवता कळणार कसं? बरोबरच होतं त्याचं.

येताना साहेबांनी डबा मांडीवर धरला होता. लाँच अर्ध्या पाण्यात आल्यावर म्हणाले, "चालतो मात्र छान."

* * *

रविवारी सकाळी साहेब जुन्या टूथब्रशने एकेक ट्रॅक्टर साफ करत. तेवढा वेळ इराला शेजारी बसून कापूस धरायची परवानगी होती. एक हिरवा ट्रॅक्टर होता, त्याच्या मागच्या टायरच्या खाचांत तांबडी माती बसलेली.

"काका, इथे घाण राहिली."

"ती रत्नागिरीची आहे. राहू दे."

रत्नागिरीच्या शाखेत ते होते तेव्हा अमेय पहिलीत होता. मला वाटलं, आठवण म्हणून यांनीच लावून ठेवली असेल. नादिष्ट माणसाचं काही सांगता येत नाही.

* * *

रिटायरमेंटला महिना राहिला तेव्हा काकूंनीच फोनवर विषय काढला. मी तिथेच होते, फोन स्पीकरवर होता.

"आई, त्या ट्रॅक्टरना मी उभ्या जन्मात हात लावलेला नाही," अमेय म्हणाला. "लावू दिलाच नाही बाबांनी. आता घेऊन काय करू? देऊन टाका कुणाला तरी."

"बरं," साहेब म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मला अमेयचा राग आला. आणि खरं सांगते, त्याचं म्हणणं पटलंही.

* * *

पॅकिंगला अमेय दोन दिवसांसाठी आला. मी आणि इरा वर्तमानपत्रांचे कागद फाडून देत होतो. तो भराभर ट्रॅक्टर काढून गुंडाळत होता, स्वयंपाकघरातली भांडी आवरावीत तसा. हिरवा हातात आला आणि तो थांबला. चाक फिरवून त्याने मातीवरून अंगठा फिरवला.

"बाबा, ही आपल्या परसातली माती."

"हो."

"मी चोरून न्यायचो ते तुम्हाला माहीत होतं?"

"दर रविवारी पुसतो मी," साहेब म्हणाले.

मग अमेयने खाली बसून तो ट्रॅक्टर इराकडे ढकलला. इराने आधी हात मागे घेतले आणि साहेबांकडे पाहिलं.

"चालव," साहेब म्हणाले.

दुपारी पॅकर्सचा माणूस मार्कर घेऊन आला. "साब, सब पुणे?"

साहेबांनी मान हलवायच्या आत अमेय ट्रॅक्टरच्या खोक्यांकडे बोट करून म्हणाला, "ये सारे बॉक्स बेंगलुरु."

हिरव्यासाठी त्याने खोकं मागितलंच नाही; तो इरा अजून हॉलभर चालवत होती.